बारा वर्षे लोटली

चौथीच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला मी गोष्ट सांगते. गोष्ट संपली की एखादा तरी हात वर होतो आणि ठरलेला प्रश्न येतो : "बाई, हे खरंच घडलं होतं का?" इतक्या वर्षांत मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आले आहे : "अरे, गोष्ट आहे ती." आणि नवल असे की, मुलांचे तेवढ्याने समाधान होते. उडणारा घोडा, बोलणारा साप, समुद्राच्या तळाशी असलेला राजवाडा, यांचा साक्षीपुरावा ती मागत नाहीत. मात्र एखाद्या गोष्टीत राजपुत्र आपला घोडा नदीच्या अलीकडे बांधून पुढे गेला, आणि त्या घोड्याचे पुढे काय झाले हे सांगायला मी विसरले, तर तोच वर्ग घंटा झाल्यावरही मला सोडत नाही. "आणि घोडा, बाई? घोडा तिथंच राहिला का?"

मोठी माणसे हा प्रश्न विचारत नाहीत. ती वेगळे विचारतात. मी आजवर सात कादंबऱ्या लिहिल्या. सातही प्रेमाच्या आणि अद्भुताच्या. आमच्या शाळेतले एक वडीलधारे सहकारी एकदा मधल्या सुट्टीत म्हणाले, "बाई, राग मानू नका. एप्रिलात आपल्या वाडीवर पाण्याचा टँकर आठवड्याला एक येतो, आणि तुमची नायिका चांदण्यात न्हाते. हे लिहून तुम्हाला काय मिळतं?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जे नाही ते आहे असे सांगणाऱ्याला आपण व्यवहारात खोटारडा म्हणतो. पहाटे उठून, दिवा लावून, कोऱ्या कागदावर जे नाही ते आहे असे लिहिणारी मी कोण? आणि असे लिहिणाराला सत्याचे काही बंधन आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी प्रथम माझे कूळ शोधले. ते शोधायला लांब जावे लागले नाही. ते आपल्या भाषेतच आहे. ज्या प्रकारच्या पुस्तकाला बंगालीत उपन्यास म्हणतात, त्याला आपण कादंबरी म्हणतो. म्हणजे सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने जी कथा रचली आणि अपुरी टाकून तो वारला, त्या कथेतल्या गंधर्वकन्येचे नाव आपण साऱ्या वाङ्‌मयप्रकाराला देऊन टाकले. त्या कथेत पोपट गोष्ट सांगतो, चंद्र मनुष्यजन्म घेतो, माणसे मरून पुन्हा पुन्हा जन्माला येतात, आणि दोन तरुणी आपापल्या प्रियकराची जन्मांतराच्या पलीकडून वाट पाहतात. तेव्हा मराठीत जो कोणी कादंबरी म्हणून काही लिहितो, मग ती गिरणीकामगारांची असो की दुष्काळाची, त्याच्या पुस्तकाच्या कपाळावर एका अद्भुतरम्य प्रेमकथेचे नाव गोंदलेले असतेच.

आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्याही याच वळणाच्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत एक अडचण मोकळेपणाने सांगून टाकली आहे. आपल्या लोकांच्या लग्नाच्या रीती आणि एकंदर राहणी अशी आहे की, रोज जे घडते तेच लिहू गेल्यास मनोरंजक असे काही हाती लागत नाही, असा तिचा आशय. पुढच्या टीकाकारांनी या कबुलीवरून रिसबुडांना पुष्कळ हसून घेतले. मला मात्र त्या कबुलीत हसण्याजोगे काही दिसत नाही. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचे लग्न उरकणाऱ्या समाजात, तरुण स्त्री तरुण पुरुषाला पाहते, पारखते आणि निवडते, हे दृश्य मांडायला लेखकाने जागा आणावी कुठून? ती जागा त्याला कल्पनेच्या राज्यातच बांधावी लागली. 'मंजुघोषा' वास्तवाशी जुळत नाही हे खरे, पण मनुष्याला जोडीदार निवडावासा वाटतो ही इच्छा त्या काळी खोटी नव्हती. तिला राहायला घर तेवढे नव्हते.

काशीबाई कानिटकरांचा 'पालखीचा गोंडा' १९२८ साली पुस्तकरूपाने आला. ज्या राज्याचा कारभार स्त्रियांच्या हाती आहे, अशा राज्याची ती कल्पना आहे. असे राज्य काशीबाईंनी पाहिले नव्हते. लग्नानंतर, घरच्यांची बोलणी सोसत अक्षरओळख करून घेतलेली ही बाई. तिने पाहिले होते ते याच्या नेमके उलटे. पण जे नाही ते लिहिण्याचा अधिकार तिच्याइतका आणखी कोणाला असणार? नसलेल्या गोष्टीची उणीव ज्याला रोज जाणवते, तो ती गोष्ट फार बारकाईने ओळखतो.

अद्भुतावर आणखी एक आरोप नेहमी होतो, तो पळपुटेपणाचा. तो ऐकला की मला नाथमाधवांची आठवण होते. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. जन्म १८८२ चा, मृत्यू १९२८ चा. ऐन तारुण्यात शिकारीच्या नादात ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्यांचे लेखन या अपघातानंतरचे. १९१३ सालच्या 'वीरधवल'ने महाराष्ट्रातल्या मुलांची झोप उडवली. पुढे त्यांनी शिवकालावरची कादंबरीमाला लिहिली. म्हणजे ज्याच्या पायाखालचा कडा सुटला होता, त्यानेच अंथरुणाला खिळून गडांवर चढणारी माणसे रंगवली. याला पळणे म्हणायचे तर म्हणा बापडे. मला वाटते, गड चढण्याची किंमत काय असते हे चढून सुखरूप उतरलेल्यांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक होते.

या सगळ्या पूर्वजांच्या आधाराने मी माझ्यापुरते एक समाधान करून घेतले होते. खोटे बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला आपण खोटे बोलतो आहोत हे कळू देत नाही, किंबहुना ते कळू न देण्यावरच त्याचा सगळा धंदा चालतो. गोष्ट सांगणारा "आटपाट नगर होतं" असे म्हणून आरंभीच सगळे कबूल करतो. तिथून पुढे घोडा उडाला तर त्यात कोणाची फसवणूक नाही. चौथीचा वर्ग हे जाणतो.

हे समाधान बरीच वर्षे टिकले. ते कसे मोडले हे सांगण्यासाठी माझ्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सांगायला हवे.

शाळा साडेदहाला भरते. माझे लिहिणे पहाटे साडेचार ते साडेसहा, त्यानंतर घर आपल्या ताब्यात घेते. माझ्याजवळ दोन वह्या असतात. एकीत कादंबरी लिहायची. दुसरीला मी जमाखर्चाची वही म्हणते, कारण ती वाण्याच्या खतावणीसारखीच आखलेली असते. डाव्या बाजूला जादू काय देते ते लिहायचे, उजव्या बाजूला काय घेते ते. ही शिस्त मी अनुभवाने शिकले. पहिल्या कादंबरीत मी नायकाला अदृश्य होण्याची विद्या फुकट देऊन टाकली होती, आणि शंभराव्या पानावर माझ्या ध्यानात आले की, आता याला कसलीही भीती उरलेली नाही, म्हणून वाचकालाही उरलेली नाही. फुकट मिळणारी जादू कथेला पोखरते. तेव्हापासून डावी बाजू आणि उजवी बाजू जुळल्याशिवाय मी पुढचे प्रकरण घेत नाही.

लेखक मंडळी नेहमी सांगतात की, एकदा कादंबरी रंगात आली की पात्रे आपल्या मनाने चालू लागतात आणि लेखक नुसता त्यांच्या मागून जातो. असेल तसे. माझ्या पात्रांनी आजतागायत एक पाऊलही आपल्या मनाने टाकलेले नाही. मी ढकलले तेव्हाच ती हलली. म्हणून त्यांच्या वागण्याचा जाब कोणी विचारला, तर तो पात्रांवर ढकलण्याची मला सोय नाही.

२०१४ साली माझी तिसरी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका केतकी. तिच्या नवऱ्याला पक्षी होण्याची विद्या येते. वहीत मी मांडलेला हिशेब असा होता की, प्रत्येक उड्डाणाला त्याने एक शब्द गमवावा. तो दूरदेशी जातो, उडत राहतो, आणि शब्द गमावत राहतो. इकडे केतकी डोंगरावरच्या घरात रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावते. बारा वर्षांनी तो परत येतो, पण हिशेबाप्रमाणे त्याच्याजवळ एकही शब्द उरलेला नसतो, तिचे नावसुद्धा नाही. तो खिडकीत क्षणभर बसतो आणि उडून जातो. केतकी दिवा विझवते, दार ओढून घेते आणि डोंगर उतरून गावात राहायला जाते. असे मी लिहिले होते.

प्रकाशकांनी हस्तलिखित वाचले आणि मला बोलावून घेतले. माणूस सज्जन. ते म्हणाले, "बाई, सगळं छान आहे. पण साडेतीनशे पानं वाचणाऱ्या वाचकाला शेवटी तुम्ही उपाशी उठवता आहात. तो परत येऊ द्या. बाईमाणसं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात हो." मला त्या वेळी छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते. पण सगळा दोष छपरावर घालणे बरोबर नाही. पुस्तक लोकांना आवडावे हा मोहही होताच. दोन पहाटांत मी शेवट बदलला. केतकीचे एक आसू त्याच्या पंखावर पडते आणि गमावलेले सगळे शब्द त्याला परत मिळतात. जमाखर्चाच्या वहीत ही नोंद मी केली नाही, कारण ती कुठल्या बाजूला करावी हे मला कळले नसते.

पुस्तक पुष्कळ खपले. पत्रे आली, छप्पर शाकारून झाले.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी जवळच्या एका गावी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी पाहुणी म्हणून गेले होते. कार्यक्रम संपल्यावर साधारण पस्तिशीची एक बाई गर्दी ओसरायची वाट पाहत खांबाशी उभी होती. हातात माझे पुस्तक होते, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. ती म्हणाली, "बाई, आमच्या भावोजींनी मुंबईहून आणून दिलं हे. तीनदा वाचलं." मग थोडे थांबून म्हणाली, "तुमची केतकी बारा वर्षं थांबली. माझी येत्या शिमग्याला नऊ होतील."

तिची हकीकत तिने चार वाक्यांत सांगितली. नवरा मस्कतला नोकरीला गेला. दोन वर्षे फोन आले, पैसे आले, मग नंबर बदलला. गावातल्या एकाने त्याला तिकडे पाहिले होते, संसार मांडलेला. ती सासरीच राहत होती. सासूबाई अंथरुणाला, चार कलमे, एक गाय. दीर मुंबईत. तिला आणखी काही विचारायचे होते असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, पण एसटीची वेळ झाली म्हणून मला सगळ्यांनी घाईने उठवले.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या मनाने लगेच माझी वकिली सुरू केली. मन म्हणाले, वाचक सज्ञान आहे, कल्पित ते कल्पित हे त्याला कळते. आणि नाही कळले तर दोष पुस्तकाचा कसा? सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ साली निघाला, तेव्हापासून हा वाद चाललेला आहे. शौर्यकथा वाचून वेडा झालेल्या त्या भल्या गृहस्थाची पुस्तके पाद्री आणि न्हावी मिळून जाळायला काढतात. पण तिथेही गंमत पाहा. पाद्री सगळी पुस्तके जाळत नाही. एकेक हातात घेऊन पारखतो आणि काही वाचवतो. एका पुस्तकाची तर तो वाखाणणी करतो. का? तर त्यातले सरदार इतरांप्रमाणे नुसते लढत नाहीत. ते जेवतात, झोपतात, आपापल्या बिछान्यात मरतात आणि मरण्यापूर्वी मृत्युपत्र करतात. हे आठवले आणि माझी वकिली तिथेच थांबली. माझी केतकी काय जेवत होती?

मी कपाटातून पुस्तक काढून पाहिले. पतीच्या प्रयाणाचे वर्णन अकरा पाने होते. परत येण्याचे सतरा पाने. आणि मधे एका परिच्छेदाच्या आरंभी हे तीन शब्द होते : "बारा वर्षे लोटली." बस्स. हे तीन शब्द मूळ हस्तलिखितातही होते. प्रकाशकांनी ते मला लिहायला लावले नव्हते.

मला तेव्हा एवढेच वाटले की, या बाईला मी भलत्या आशेला लावले आहे. मी जुन्या वहीतून मूळचा शेवट स्वच्छ अक्षरात उतरवून काढला आणि एक पत्र जोडून तिला पाठवला. पत्रात मी लिहिले की, खरा शेवट हा आहे, छापलेला शेवट मी भिडेखातर लिहिला, त्यावर विसंबू नये. नको तितका थोर आव त्या पत्रात होता हे आज मला दिसते. दोन महिन्यांनी उत्तर आले. ते मी तिच्या परवानगीने इथे देत आहे.

"बाई, ते येणार नाहीत हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं. त्याला पुस्तक कशाला हवं? आसवानं शब्द परत येत नसतात हे पण माहीत आहे. वाचायला मात्र बरं वाटतं, ते तुम्ही काढून टाकू नका. मला त्या दिवशी विचारायचं होतं ते वेगळंच. केतकी बारा वर्षं खात काय होती? तेलाला पैसे कुठून येत होते? घरात म्हातारं माणूस होतं का? मी तीनदा शोधलं, सापडलं नाही. भावोजींनी पुस्तक दिलं तेव्हा म्हणाले, वहिनी, बघा, अशी थांबतात माणसं. तेव्हापासून मी कोर्टाचं नाव काढलं की ते पुस्तकाचं नाव काढतात. तुम्ही पाठवलेला शेवट मी त्यांना वाचायला दिला. ते म्हणाले, हा काही छापलेला नाही."

हे पत्र मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. मला वाटत होते की, माझ्या कल्पिताने एका भोळ्या वाचकाला फसवले. प्रत्यक्षात तो वाचक मुळीच भोळा नव्हता. उडणारा नवरा, शब्दांची जादू, सुखाचा शेवट, यांपैकी कशानेही ती बाई फसली नव्हती. ते सगळे तिने गोष्ट म्हणूनच घेतले होते, चौथीच्या मुलांसारखे. पण माझे पुस्तक एका तिसऱ्याच माणसाच्या कामाला आले होते, ज्याला अंथरुणावरच्या आईकडे पाहणारे कोणी तरी गावाकडे हवे होते आणि ज्याला तिचे थांबणे सोयीचे होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीपासून, जोडीदाराने सबळ कारणाशिवाय सलग दोन वर्षे सोडून दिले असेल तर घटस्फोट मागता येतो. कायद्याने दोन वर्षे पुरेशी मानली. मी बारा मागितली, त्यांचे गोडवे गायले, आणि त्या बारा वर्षांत कोणी पाणी भरले, कोणी गोठा काढला, कोणी म्हाताऱ्या माणसाची कूस बदलली, यातले एक अक्षर लिहिले नाही. ते लिहिले असते तर ते पुस्तक त्या दिराने विकत घेतले नसते.

तेव्हा कल्पितातला खोटेपणा कुठे असतो, हे मला वयाच्या चाळिशीत समजले. तो उडत्या घोड्यात नसतो, आणि सुखाच्या शेवटातही नसतो. कोणी तरी किंमत मोजलेली असते आणि ती लेखक लपवतो, तिथे तो असतो. आपल्या जुन्या कथाकारांना हे पक्के ठाऊक होते. ययातीला पुन्हा तारुण्य मिळाले ही केवढी अद्भुत गोष्ट! पण महाभारतकाराने ते आकाशातून पाडले नाही. ते पुरूच्या अंगातून काढले आणि पुरूला म्हातारा करून दाखवले. खांडेकरांनी १९५९ साली 'ययाति' लिहिली, आणि पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ त्या कादंबरीला मिळाले. तिथेही ऐन उमेदीतल्या मुलाचे ते म्हातारपण आपल्या डोळ्यांपुढून हलत नाही. सावित्रीला नवरा परत मिळाला, आणि त्या कथेला कोणी खोटी म्हणत नाही, कारण व्यासांनी तिचे दिवस मोजले आहेत : एक वर्षाची मुदत, मग उरलेले चार दिवस, मग तीन रात्रींचे व्रत. शिवाय एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. सत्यवान मेला होता, सोडून गेला नव्हता.

आणि बाणभट्ट. त्याच्या कथेत महाश्वेता आपल्याला प्रथम भेटते तीच वाट पाहणारी म्हणून. अच्छोद सरोवराच्या काठी, शंकराच्या देवळात, व्रतस्थ. तिचे वस्त्र, तिची वीणा, तिची राहण्याची गुहा, सारे त्याने पाने भरभरून लिहिले, आणि तिची हकीकत तिच्याच तोंडून वदवली. तिचा पुंडरीक पुढे तिला मिळतो. पण तोवर तिच्या प्रतीक्षेचे वजन आपण आपल्या हाताने उचललेले असते.

आपल्या भाषेने तर याहून पुढे जाऊन ठेवले आहे. बारा वर्षांच्या काळाला मराठीत एक तप म्हणतात. ज्यांनी हा शब्द रूढ केला त्यांना कळत होते की, बारा वर्षे आपोआप जात नाहीत. ती कोणाला तरी करावी लागतात, जसे तप करतात. त्या तपाला मी 'लोटली' असे क्रियापद लावले. आपण केर लोटतो.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी मी प्रकाशकांना सांगितले की, मला पुस्तक बदलायचे आहे. त्यांना वाटले मी मूळचा दुःखाचा शेवट पुन्हा घालणार. तो मी घातला, पण तेवढ्यावर भागणार नव्हते. "बारा वर्षे लोटली" हे शब्द काढून त्या जागी मी बेचाळीस पाने लिहिली. ती लिहायला मला दीड वर्ष लागले, कारण त्यांत जादू अजिबात नव्हती. केतकी गावातल्या बायकांच्या गोधड्या शिवते, त्यावर तेल आणि तांदूळ आणते. एका पावसाळ्यात दिवा लावायचा की भात शिजवायचा एवढेच तेल उरते, आणि ती भात शिजवते. दुसऱ्या दिवशी आकाश कोसळत नाही. पक्षी उडत राहतो, शब्द गळत राहतात, अद्भुत जिथल्या तिथे आहे. फक्त आता वहीच्या उजव्या बाजूला केतकीचेही नाव आहे. मूळच्या हिशेबात मी नवऱ्याचे शब्द तेवढे मोजले होते, तिची वर्षे मोजायची राहून गेली होती.

सुखाचा शेवट वाचायला बरा वाटतो, तो काढून टाकू नका, असे त्या बाईने लिहिले होते. ही तिची तक्रार माझ्याकडे शिल्लक आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री दोन पाने सुखाची वाचावीत, यात मला काही गैर दिसत नाही. त्यानंतरच्या माझ्या दोन कादंबऱ्यांत माणसे एकमेकांना मिळाली आहेत. पण त्यांना भेटवण्यापूर्वी मी वहीची उजवी बाजू पुन्हा वाचून काढते, आणि आपल्या सुखाचा खर्च कोणाच्या नावावर पडला हे पुस्तकात लिहिलेले आहे की नाही ते पाहते. लिहिलेले नसेल तर शेवट थांबवून ठेवते.

ही बदललेली आवृत्ती २०२२ साली निघाली. पहिलीइतकी ती खपली नाही, तिच्या प्रती अजून शिल्लक आहेत. पहिली प्रत मी रजिस्टर टपालाने त्या बाईला पाठवली. आत एवढेच लिहिले : "हा शेवट छापलेला आहे." पत्राचे उत्तर आले नाही. पोचपावती आली, तिच्यावर तिची सही होती. पूर्वीच्या पत्रात ती आडनाव सासरचे लिहीत असे. पावतीवर नुसतेच नाव होते. घाईत केलेली सही असेल. त्यावरून काही अर्थ काढण्याचा मोह मी आवरला आहे. गोष्टी रचणाऱ्या माणसाने निदान तिथे तरी थांबावे.

परवाच्या शनिवारी चौथीत पुन्हा त्याच राजपुत्राची गोष्ट निघाली. नदी आली, तशी मी गोष्ट थांबवली आणि म्हटले, "आता घोड्याचं काय करायचं?" अर्धा तास वाद झाला. शेवटी असे ठरले की, नदीकाठच्या म्हातारीने घोडा सांभाळावा, आणि राजपुत्राने परतताना तिला चाऱ्याचे पैसे द्यावेत. किती दिवसांचे, हेही त्यांनी मोजून सांगितले. राक्षसाला मारायला मग तास पुरला नाही, पण त्याबद्दल कोणीच तक्रार केली नाही.